'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असं द्रौपदी खरंच म्हणाली होती का? टीव्हीवरच्या मालिका आणि आपल्या घरातल्या बायका

फॅमिली ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक मेसेज हमखास येतो. वर हात जोडल्याची इमोजी, खाली श्रीकृष्णाचा फोटो आणि मधे उपदेश. "द्रौपदीने एक वाक्य बोलताना जिभेवर ताबा ठेवला असता, तर महाभारत घडलंच नसतं. म्हणून बाईने नेहमी विचार करून बोलावं."

मग काका अंगठा दाखवतात, मावशी "अगदी खरं" लिहितात आणि नव्याने लग्न होऊन आलेली सून तो मेसेज वाचून फोन बाजूला ठेवते. मेसेज कुणासाठी आहे, ते तिला बरोब्बर कळलेलं असतं.

आता ते वाक्य कोणतं, हे तुम्हाला सांगायला नको. इंद्रप्रस्थाच्या मायासभेत दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडतो, वरून बघणारी द्रौपदी हसते आणि म्हणते, "आंधळ्याचा मुलगा आंधळा!" दुर्योधन चिडतो, द्यूत होतं, वस्त्रहरण होतं, युद्ध होतं. अठरा अक्षौहिणी सैन्य संपतं. आणि दोष कुणाचा? तर एका बाईच्या हसण्याचा.

पण मूळ महाभारतात असं काही आहे का? नसेल, तर ते आपल्या डोक्यात आलं कुठून? आणि हजारो वर्षांपूर्वीच्या गोष्टीतल्या एका वाक्यावरून आज कुणाच्या घरात काय फरक पडतो?

सविस्तर बघूया.

आधी पोथी काय म्हणते ते बघू

महाभारताची एकच प्रत कधीच नव्हती. काश्मीरपासून केरळपर्यंत वेगवेगळ्या लिपींत शेकडो हस्तलिखितं होती आणि प्रत्येकात थोडाफार फरक होता. ही हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून, सगळ्यांत जुना आणि सगळीकडे सापडणारा मजकूर कोणता, हे शोधायचं प्रचंड काम आपल्या पुण्यात झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली ते सुरू झालं आणि १९६६ साली पूर्ण झालं. हजाराहून जास्त हस्तलिखितं तपासून जी आवृत्ती तयार झाली, तिला 'चिकित्सक आवृत्ती' म्हणतात.

या आवृत्तीतल्या सभापर्वात दुर्योधन पाण्यात पडतो, हे खरं आहे. त्याला हसतात, हेही खरं आहे. पण हसतं कोण? भीम हसतो. अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. नोकरचाकर हसतात. त्या प्रसंगाच्या वर्णनात द्रौपदी नाही.

द्रौपदीचं हसणं येतं ते नंतर. दुर्योधन हस्तिनापूरला परत जाऊन धृतराष्ट्रासमोर आपली कैफियत मांडतो. त्यात तो सांगतो की कृष्ण आणि अर्जुन मोठ्याने हसले आणि द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली. म्हणजे ती हसली असेलही. पण हे सांगणारा कोण, तर स्वतः दुर्योधन. आणि सांगतोय कशासाठी, तर बापाला द्यूतासाठी तयार करायला.

आणि 'आंधळ्याचा मुलगा आंधळा'? हे वाक्य तिथे नाहीच. ना द्रौपदीच्या तोंडी, ना भीमाच्या.

उलट दुर्योधनाच्या पोटात खरं काय दुखत होतं, ते ग्रंथ अगदी उघड सांगतो. राजसूय यज्ञात देशोदेशीच्या राजांनी युधिष्ठिरापुढे आणून ओतलेली संपत्ती त्याने पाहिली होती. घोडे, सोनं, रत्नं, कापड, कुणी काय आणलं याची लांबलचक यादी तो बापाला ऐकवतो. भाऊबंदाची भरभराट त्याला सहन होत नव्हती. गावाकडे बांधावरून भांडणारे भाऊ पाहिलेल्या माणसाला हे कारण समजायला अवघड जाऊ नये.

मग वाक्य घराघरांत गेलं कसं?

त्यासाठी १९८० च्या दशकात जावं लागेल.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरी अख्खी आळी जमायची. काही घरांत टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून मग मालिका बघितली जायची. ती संपल्यावर २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' सुरू झाली आणि १९९० पर्यंत चालली. तिची पटकथा आणि संवाद राही मासूम रझा यांचे. द्रौपदी झाल्या रूपा गांगुली, कृष्ण झाले आपले नितीश भारद्वाज.

याच मालिकेत मायासभेच्या प्रसंगी द्रौपदी हसते आणि ते वाक्य बोलते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मालिकेने हे सगळं हवेतून काढलं, असं म्हणायचं नाही. महाभारताची लोकरूपं अगणित आहेत. कीर्तनकार, नाटककार, कथेकरी सगळ्यांनी आपापली भर घातलेली आहे, आणि तो त्यांचा हक्कच आहे. गोष्ट जिवंत राहते ती अशीच.

पण फरक असा की कीर्तनकाराची भर एका गावापुरती असायची. शेजारच्या गावातला कीर्तनकार तीच गोष्ट वेगळी सांगायचा. दूरदर्शनने एकच रूप एकाच वेळी अख्ख्या देशाला दाखवलं. तेव्हा दुसरी वाहिनी लावायची सोय बहुतेक घरांत नव्हतीच. त्यामुळे त्या पडद्यावर जे दिसलं, तेच एका पिढीसाठी 'मूळ महाभारत' झालं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा दोन्ही मालिका पुन्हा दाखवल्या गेल्या. मग तेच प्रसंग नातवंडांच्याही डोक्यात बसले आणि तिथून मीम आणि रील्समध्ये गेले.

जे लक्षात राहायला हवं होतं, ते मागे पडलं

ते एक वाक्य आपल्याला पाठ आहे. पण द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न किती जणांना नीट सांगता येईल?

प्रसंग असा. युधिष्ठिर सगळं हरतो. धन, राज्य, मग एकेक भाऊ, मग स्वतः. तेव्हा शकुनी त्याला आठवण करून देतो की अजून द्रौपदी उरली आहे, तिला लाव. युधिष्ठिर लावतो. हरतो. तिला आणायला निरोप्या जातो.

द्रौपदी त्याच्यासोबत निघत नाही. ती त्याला परत पाठवते आणि सभेत जाऊन एवढंच विचारायला सांगते की तुम्ही आधी कुणाला हरलात, स्वतःला की मला?

हा अतिशय अचूक कायदेशीर मुद्दा आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल, तर तो दास झाला. दासाच्या मालकीचं काहीच नसतं. मग त्याने मला पणाला लावलंच कसं? सोप्या मराठीत सांगायचं तर, ज्याच्या नावावर सातबारा उरलेला नाही, त्याने जमिनीचं खरेदीखत केलंच कसं?

युधिष्ठिर उत्तर देत नाही. दुःशासन तिला केस धरून ओढत सभेत आणतो. ती तिथेही तोच प्रश्न विचारते. भीष्म म्हणतात की धर्माची गती सूक्ष्म आहे. मालकी नसलेला माणूस पण लावू शकत नाही हे खरं, पण बायको नवऱ्याच्या अधीन असते हेही खरं, त्यामुळे मला निर्णय देता येत नाही. सभेत बाकीचे गप्प बसतात. विदुर विरोध करतो. आणि उघडपणे तिच्या बाजूने कोण उभा राहतो? विकर्ण. दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. तो मुद्देसूद सांगतो की जुगाराच्या नादात असलेल्या माणसाने लावलेला हा पण, तोही शकुनीने सुचवलेला, द्रौपदी पाचांची पत्नी, आणि युधिष्ठिर स्वतःला आधीच हरलेला. तेव्हा ती जिंकली गेलेलीच नाही. कर्ण त्याला गप्प करतो, द्रौपदीला वेश्या ठरवतो आणि तिची वस्त्रं काढायला सांगतो.

पुढचं आपल्याला माहीत आहे, निदान तसं वाटतं. द्रौपदी कृष्णाचा धावा करते आणि कृष्ण वस्त्रं पुरवतो. टीव्हीवर तो प्रसंग पाहून अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य मजकुरात कृष्णाचा धावा नाही. वस्त्रांमागून वस्त्रं निघत राहतात, एवढंच आहे. धाव्याचे श्लोक नंतरच्या हस्तलिखितांतले म्हणून तळटीपांत गेले.

भक्ताच्या दृष्टीने कृष्णाने धावून येणं हा त्या गोष्टीचा गाभा आहे आणि त्याबद्दल वाद घालायचं कारण नाही. फक्त आपली नजर कुठे गेली, ते बघा. चमत्काराकडे बघता बघता प्रश्न मागे राहिला. त्या प्रश्नाला सभेने कधीच उत्तर दिलं नाही.

शेवटी अपशकुन होऊ लागल्यावर घाबरलेला धृतराष्ट्र तिला वर मागायला सांगतो. पहिल्या वराने ती युधिष्ठिराला दास्यातून सोडवते. दुसऱ्याने बाकीच्या चौघांना, त्यांच्या रथांसकट आणि धनुष्यांसकट. तिसरा वर ती नाकारते. तेव्हा कर्णसुद्धा कबूल करतो की बुडणाऱ्या पांडवांना या बाईने नाव होऊन पैलतीराला नेलं.

म्हणजे ज्या गोष्टीत एका बाईने पाच नवऱ्यांना सोडवलं, त्या गोष्टीतून आपण 'बाईने तोंड आवरावं' हा धडा काढला.

बायकांनी टीव्हीवर काय पाहिलं?

इथे मालिकेला तिचं श्रेयही द्यायला हवं. राही मासूम रझांची द्रौपदी नुसती रडत नाही. ती भर सभेत भीष्म, द्रोण, विदुर, सगळ्यांना जाब विचारते. रूपा गांगुलींनी तो प्रसंग ज्या ताकदीने केला, तो आजही अंगावर येतो.

पूर्णिमा मांकेकर या अभ्यासक त्या काळात दिल्लीतल्या मध्यमवर्गीय आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांत बसून बायकांशी या मालिकांबद्दल बोलत होत्या. टीव्हीने बायकांना आज्ञाधारक बनवलं, असं सरळसोट उत्तर त्यांना मिळालं नाही. वस्त्रहरणाच्या प्रसंगात अनेक जणींना स्वतःचं आयुष्य दिसलं. घर, वस्ती, सासर, हुंड्याची भीती, आपल्या माणसांनी ऐन वेळी धरलेलं मौन. द्रौपदीचा राग त्यांना आपलाच वाटला. १९९९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात हे सविस्तर आहे.

मराठीत तर हा वाद मालिकेच्या वीस वर्षं आधी झाला होता. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात त्यांनी द्रौपदीच्या त्याच प्रश्नावर बोट ठेवलं, आणि चक्क तिची चूक झाली असं म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की या प्रश्नाचं कोणतंही उत्तर तिला सोडवणारं नव्हतं. दास झालेल्या नवऱ्याचा बायकोवर हक्क उरतो म्हटलं तर ती दासी ठरते, आणि उरत नाही म्हटलं तर ती नवरा असून निराधार ठरते. तुम्हाला हे पटो न पटो, पण बाईंनी द्रौपदीला देवीही केलं नाही आणि भांडणाचं मूळही केलं नाही. तिने केलेला युक्तिवाद गंभीरपणे घेतला आणि खोडायचा प्रयत्न केला. आदर कशाला म्हणायचं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

सीतेच्या बाबतीतही असंच झालं

'लक्ष्मणरेषा ओलांडू नकोस' हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येक मुलीने कधी ना कधी ऐकलेलं असतं. सातच्या आत घरात, ओढणी नीट घे, मोठ्याने हसू नकोस. या सगळ्याला मिळून एक पौराणिक नाव म्हणजे लक्ष्मणरेषा.

वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीत लक्ष्मणरेषा नाही. लक्ष्मण सीतेच्या कठोर बोलण्याने दुखावतो, वनदेवता तुझं रक्षण करोत म्हणतो आणि निघून जातो. रेषा तो आखत नाही. ती नंतरच्या परंपरेत आली. तुलसीदासांच्या रामचरितमानसातही सीताहरणाच्या प्रसंगी तिचं वर्णन नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारताना त्या रेषेचा उल्लेख करते, की रामाच्या धाकट्या भावाने काढलेली रेघसुद्धा तुला ओलांडता आली नाही.

नीट वाचा. मानसात रेषा हा रावणाला मारलेला टोमणा आहे. आपण तिचा मुलींसाठी नियम केला. पळवून नेणारा रावण, आणि चूक मात्र उंबरा ओलांडणाऱ्या सीतेची! टीव्हीवर धगधगणारी रेषा दिसली आणि हा हिशोब पक्का झाला.

दुसरी जागा अग्निपरीक्षेची. वाल्मीकी रामायणात रावणवधानंतर राम सीतेला भयंकर कठोर बोलतो. हे युद्ध तुझ्यासाठी नाही, माझ्या कुळाच्या कीर्तीसाठी केलं, तुला हवं तिकडे जा, असा त्याचा रोख आहे. आणि सीता तितकंच रोखठोक उत्तर देते. एखाद्या सामान्य पुरुषाने सामान्य बाईला बोलावं तसं तुम्ही मला बोलत आहात, असं ती सुनावते. रामानंद सागरांनी मात्र छायासीतेची कथा घेतली. खरी सीता आधीपासूनच अग्नीकडे सुरक्षित होती, रावणाने नेली ती तिची छाया, आणि अग्निपरीक्षा म्हणजे खऱ्या सीतेला परत घ्यायचा मार्ग. ही कथाही परंपरेतलीच आहे. पण तिच्यामुळे रामाची कठोरता गेली आणि तिच्याबरोबर सीतेचं उत्तरही गेलं.

तिसरी जागा वनवासाची. वाल्मीकींकडे गरोदर सीतेला काहीच सांगितलं जात नाही. आश्रम बघायला म्हणून लक्ष्मण तिला नेतो आणि गंगेपलीकडे गेल्यावर खरं सांगतो. सागरांच्या उत्तर रामायणात सीता स्वतःच रामाच्या कीर्तीसाठी घर सोडायचं ठरवते.

या बदलामागचा हेतू वाईट नव्हता. लाखो भाविक ज्याला देव मानतात, त्याला निष्ठुर दाखवायचं नाही, ही अडचण कुणालाही समजेल. पण परिणाम काय झाला? अन्याय सोसणारी सीता ही स्वखुशीने त्याग करणारी सीता झाली. आणि त्याग स्वखुशीने केला म्हटलं की जाब कुणालाच द्यावा लागत नाही.

आपल्या आज्यांची सीता वेगळी होती

गंमत म्हणजे टीव्ही यायच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या बायकांनी आपली सीता घडवलेली होती. पहाटे जात्यावर दळता दळता गायलेल्या ओव्यांत. गी पॉयटेवीन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचं वेगळं दालनच आहे. त्या ओव्यांत सीतेला रडू येतं, तिला एकटं वाटतं, सासरच्यांनी केलेल्या छळाची आठवण येते. बायका तिची पूजा करत नाहीत, तिच्याशी सुखदुःख बोलतात. ती त्यांची मैत्रीण आहे.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे, शेजारी राम नाही. एकट्या सीतेचं देऊळ. वनवासात सीता इथे राहिली, अशी गावची श्रद्धा. बाळंतपणानंतर तिने गावात गहू मागितले, लोकांनी दिले नाहीत, म्हणून या गावात गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला, ही कथा. म्हणजे गावाने स्वतःवरचा ठपका शतकानुशतकं जपून ठेवला. एकट्या बाईला आपण साधे गहूसुद्धा दिले नाहीत, याची कबुली त्या गोष्टीत आहे.

पडझड झालेल्या या देवळाचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी केला. आणि याच जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती' मोहीम चालवली होती. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर बायकांच्या नावावर जमीन झाली, ते 'लक्ष्मी मुक्ती गाव'. घरच्या लक्ष्मीची आरती करण्यापेक्षा तिचं नाव सातबाऱ्यावर चढवा, असा हा रोकडा हिशोब होता.

देवी म्हटलं की हक्क मिळतो का?

२०१३ साली स्टार प्लसवर नवी 'महाभारत' मालिका आली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत झालेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेने देश हादरलेला होता. या मालिकेत द्रौपदी झालेल्या पूजा शर्मा यांच्या आणि कृष्ण झालेल्या सौरभ राज जैन यांच्या स्त्रीसन्मानावरच्या संवादांच्या क्लिप आजही फिरतात. २०१५ ची 'सिया के राम' तर सीतेच्या नजरेतून रामायण सांगायचं, अशी भूमिका घेऊनच आली. म्हणजे बदल होतोय, हे मान्य करायला हवं.

पण क्लिप शेअर करणं सोपं आहे. 'नारी ही शक्ती आहे' असं स्टेटस ठेवायला काहीच खर्च येत नाही. खरी परीक्षा कुठे होते, ते आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, लोकांना विचारलं गेलं की कोणत्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे? कारणं होती न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, नवऱ्याशी वाद घालणं, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं वगैरे. ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यांतल्या किमान एका कारणाला होकार दिला.

बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा जास्त आहे. 'माझंच चुकलं असेल' हे बायकांच्याच मनात किती खोल रुजलंय, ते यातून कळतं. आणि 'वाद घालणं' हे त्या यादीतलं एक कारण आहे, हे लक्षात ठेवून तो सुरुवातीचा मेसेज पुन्हा वाचा. द्रौपदीने जिभेवर ताबा ठेवायला हवा होता.

दुसरं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला. तरीही वडील गेल्यावर भाऊ कागद पुढे करतो आणि बहीण हक्कसोड पत्रावर सही करते. का? तर माहेर तुटू नये म्हणून. नातेवाईक म्हणतात, 'किती मोठ्या मनाची आहे, सीतेसारखी!' जिने सही केली नाही, तिला कुणाची उपमा मिळते, हेही आपल्याला माहीत आहे. कैकेयी.

कायदा मात्र द्रौपदीच्या बाजूने बराच पुढे गेलाय. बाईला विवस्त्र करण्याच्या हेतूने केलेला हल्ला हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७६ खाली त्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबरच सततचे अपमान आणि शिवीगाळही येते. आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द करताना स्पष्ट सांगितलं की नवरा हा बायकोचा मालक नाही.

द्यूतसभेत भीष्मांना जे सांगता आलं नाही, ते सांगायला २०१८ साल उजाडावं लागलं.

मग मालिका बघायच्या की नाही?

बघायच्या. मुलांना सोबत घेऊन बघायच्या. या गोष्टी आपल्या आहेत आणि त्यांच्यात विचार करायला लावणारं खूप काही आहे. फक्त बघताना मनात तीन-चार प्रश्न ठेवायचे.

पहिला, या प्रसंगात निर्णय कोण घेतंय आणि परिणाम कोण भोगतंय? दुसरा, बाई बोलते तेव्हा कॅमेरा तिच्या मुद्द्यावर आहे की तिच्या अश्रूंवर? तिसरा, संकटाला जबाबदार कोण दाखवलंय, ज्याने गुन्हा केला तो, की जी हसली, बोलली, उंबरा ओलांडून गेली ती? आणि चौथा, जे गप्प बसले, त्यांच्याबद्दल गोष्ट काय म्हणते?

चौथा प्रश्न मुलांना जरूर विचारा. वस्त्रहरणाच्या सभेत वाईट माणसं चार-पाचच होती. चांगली आणि गप्प बसलेली माणसं कितीतरी जास्त होती. आपल्यापैकी बहुतेक जण आयुष्यात कधीतरी त्याच रांगेत बसतो. शेजारच्या घरातून आवाज येतो तेव्हा, ऑफिसात कुणी घाणेरडा विनोद करतो तेव्हा, बहिणीपुढे हक्कसोडाचा कागद सरकवला जातो तेव्हा. विकर्णासारखं उठून बोलायला फार शौर्य लागत नाही, पण थोडं लागतंच. आणि स्वतःवर किंवा शेजारी कुणावर हिंसा होत असेल, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहेच.

राहता राहिला तो फॅमिली ग्रुपवरचा मेसेज. पुढच्या वेळी आला की काकांशी भांडायची गरज नाही. नम्रपणे एवढंच लिहा, "काका, हे वाक्य पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या आवृत्तीत सापडत नाही. पण द्रौपदीने सभेत विचारलेला प्रश्न सापडतो. त्याचं उत्तर तुम्हाला काय वाटतं?"

ग्रुपवर थोडा वेळ शांतता पसरेल. काही हरकत नाही. त्या सभेतही पसरली होती. फरक एवढाच की यावेळी ती सून फोन बाजूला ठेवणार नाही. पुढे कोण काय लिहितंय, हे बघत बसेल.